हिशेबाचा विटाळ

मराठीच्या चर्चासत्रांत एक विलाप आता इतका रुळला आहे की त्याला स्वतंत्र सत्र द्यायला हरकत नाही. तालुक्याच्या गावचा मुलगा मराठी घेऊन बी.ए., क्वचित एम.ए. होतो, आणि अखेर एखाद्या बांधकाम काँट्रॅक्टरच्या ऑफिसात 'टॅली' मारत बसतो. हे सांगताना वक्त्याचा आवाज खाली जातो आणि श्रोते माना डोलावतात. ज्ञानेश्वरी वाचलेल्या मुलाने सिमेंटच्या गोण्यांच्या नोंदी कराव्यात, यापरती भाषेची विटंबना ती कोणती?

आम्हांला हा विलाप मान्य नाही. मराठीच्या पदवीधराला दुसरे काम मिळू नये ही खंत खरी आहे, पण तिचा विषय वेगळा आणि त्यासाठी भांडण सरकारशी व विद्यापीठांशी करावे लागेल. येथे आमचे भांडण त्या खाली गेलेल्या आवाजाशी आहे. हिशेब ही हलकी गोष्ट, साहित्य ही वरची गोष्ट, आणि खालच्या पायरीवर उतरताना वरच्या पायरीवरच्याने नाक धरावे, हे जे सोवळे आपल्या मराठी विभागांत पाळले जाते, त्याचा तोटा साहित्याला झाला आहे आणि हिशेबालाही. तिसरा तोटा ज्यांचा झाला त्यांना दोन्ही ठिकाणी प्रवेश नाही. त्यांच्याकडे पुढे येऊ.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक गाव धरू. पेण तालुक्यातले जोहे. मुंबई-गोवा महामार्ग सोडून हमरापूरकडे वळले की हा मुलूख लागतो. हमरापूर, जोहे आणि आजूबाजूची गावे गणपतीच्या मूर्तींची. येथून कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती महाराष्ट्रभर आणि बाहेरही जातात. पण तालुका एवढाच नाही. डोलवीचा पोलाद कारखाना येथलाच. महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि रखडण्याच्या बाबतीत म्हणीला पोचले. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू उघडला, त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावे मिळून नवे शहर वसवण्याची अधिसूचना निघाली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. एवढे सगळे भोवती उभे राहत असताना खडी, मुरूम, डबर, डंपर, जेसीबी, सेंटरिंग आणि मजूर पुरवणारे लहान काँट्रॅक्टर गावोगाव निपजणे क्रमप्राप्तच. आणि प्रत्येक काँट्रॅक्टरला, वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आल्यापासून तर फारच निकडीने, संगणकावर हिशेब ठेवणारे कोणीतरी लागते. तो 'कोणीतरी' म्हणजे वरच्या विलापाचा नायक.

सोवळ्याचा उगम शोधू गेल्यास तो संतसाहित्याच्या आपल्या वाचनात सापडतो, संतसाहित्यात नव्हे. एकनाथांची गोष्ट सर्वांना पाठ आहे. जनार्दनस्वामींच्या हिशेबात एका पैचा फरक पडला, नाथ रात्रभर जागले, पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली, आणि स्वामींनी सुचवले की एवढी एकाग्रता परमार्थात लावलीस तर काय होईल! आपण या गोष्टीचा उत्तरार्ध शिकवतो. पूर्वार्धात एक तरुण दुसऱ्याच्या एका पैसाठी झोप सोडतो, हे आपल्याला गौण वाटते. पण परमार्थाला लावण्यासारखी एकाग्रता तेथेच तयार झाली होती, हे स्वामींनीच सांगितले ना? तुकोबांचेही तसेच. सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, हे सांगताना कंठ दाटतो. बुडवण्याआधी त्यांची वाटणी झाली आणि धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा हिस्सा त्याच्या हाती दिला, तो बुडवला नाही, हा तपशील परंपरेनेच जपला आहे. काय बुडवायचे आणि काय बुडवण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे ज्याला कळते तो माणूस हिशेब न कळणारा खासच नव्हता.

आणि पेण तालुक्यापुरते बोलायचे, तर मराठीचे एक अव्वल गद्य या तालुक्याने कर्जापायी दिले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेत का गेले? घराला कर्ज झाले होते, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी वार्ता होती, म्हणून. बंडाच्या धामधुमीत ते सापडले, मिळवलेले लुटले गेले, पुन्हा मिळवले, पुन्हा गेले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला 'माझा प्रवास' आपण १८५७ चा साक्षीपुरावा म्हणून वाचतो, ते योग्यच. पण त्या पुस्तकाचा श्वास जमा आणि खर्च असा चालतो हे कितीजण वर्गात सांगतात? झाशीच्या राणीचे दर्शन ज्या डोळ्यांनी घेतले, त्याच डोळ्यांचे लक्ष कमरेच्या कसेवर होते. म्हणून तर त्या गद्यात फुगा नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण आमचे भांडण एकतर्फी नाही. तालुक्यातालुक्यांतून 'तीन महिन्यांत टॅली' शिकवणारे क्लास आहेत. त्यांच्याविषयी मराठीचे प्राध्यापक बोलत नाहीत, वाणिज्यचे प्राध्यापक हसतात, आणि मुले मात्र तेथेच जातात. काय शिकवतात? एफ-चार म्हणजे काँट्रा, एफ-पाच पेमेंट, एफ-सहा रिसीट, एफ-सात जर्नल, एफ-आठ सेल्स, एफ-नऊ पर्चेस. कळी दाबली की खिडकी उघडते, खिडकीत रक्कम भरली की 'एन्ट्री पडते'. जुन्या टॅलीत नोंदीच्या आरंभी 'बाय' आणि 'टू' असे दोन इंग्रजी शब्द येत. इंग्लंडच्या जुन्या खातेवह्यांतून वारशाने आलेली ही दोन शब्दयोगी अव्यये येथल्या मुलाला काय सांगणार? क्लासमध्ये युक्ती सांगतात की 'पैसे आले तर बँकेला बाय, गेले तर बँकेला टू'. युक्ती चालते. पैसे आले नाहीत आणि गेलेही नाहीत, असा व्यवहार समोर येईपर्यंत चालते. आणि बांधकामाच्या धंद्यातले निम्मे व्यवहार नेमके असलेच असतात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. साहित्याच्या वाचकाने कंटाळू नये, एखादी लावणी समजून घेण्यापेक्षा यात अधिक कष्ट नाहीत. समजा, लहान काँट्रॅक्टरने सरकारी निधीतला काँक्रीटचा रस्ता केला. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे बोलीतल्या 'एमबी'त, नोंद झाली आणि १०,००,००० रुपयांच्या कामाचे रनिंग बिल निघाले. त्यावर १८ टक्क्यांनी १,८०,००० कर. बिल ११,८०,००० चे. बँकेत मात्र आले १०,९०,०००. मधले ९०,००० कोठे गेले? प्राप्तिकराची मुळातून कपात १ टक्का, १०,०००. जीएसटीची कपात २ टक्के, २०,०००. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीचा उपकर १ टक्का, १०,०००. आणि करारात ५ टक्के धरलेली सुरक्षा अनामत, ५०,०००.

'एन्ट्री मारणारा' मुलगा बँकेचे पासबुक पाहतो आणि १०,९०,००० ची जमा घालून मोकळा होतो. ताळा जुळतो! संगणक तक्रार करीत नाही, कारण दोन बाजू समान आहेत. पण त्या एका नोंदीत तीन माणसांची तीन प्रकारची रक्कम गडप झाली. प्राप्तिकराचे १०,००० आणि जीएसटीचे २०,००० हे काँट्रॅक्टरचेच पैसे. सरकारकडे आगाऊ गेलेले, कर भरताना वळते करून घ्यायचे. ते वहीत नाहीत, तर मागणार कोण? अनामत ५०,००० ही येणे रक्कम. रस्त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी ज्या मुदतीपर्यंत आहे ती सरली की अर्ज करून मागायची. तोवर दोन-तीन पावसाळे गेलेले असतात, तो मुलगा दुसऱ्या ऑफिसात गेलेला असतो, आणि वहीत नोंद नसलेल्या पैशाची आठवण नव्या मुलाला कोठून असणार? उपकराचे १०,००० मात्र खरोखरच खर्च. ते कोणासाठी कापले, हे पुढे पाहू. शिवाय जीएसटीच्या विवरणात काम १०,००,००० चे आणि वहीत दुसराच आकडा, म्हणून नोटीस आली की काँट्रॅक्टर मुलाला बोल लावतो आणि मुलगा सॉफ्टवेअरला.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. भरत गोयंका व त्यांच्या वडिलांनी १९८६ साली बेंगळुरूत सुरू केलेल्या उद्योगातून आलेला हा प्रोग्रॅम अतिशय आज्ञाधारक आहे, आणि दोष असलाच तर तोच. अनामतीचे खाते उघडले तर तो उघडू देतो. न उघडले तर विचारीत नाही. प्रत्येक साइटचा खर्च वेगळा दिसावा म्हणून 'कॉस्ट सेंटर'ची सोय आहे, साइटवर पडलेला माल कळावा म्हणून 'गोडाऊन' आहे. मात्र कोणत्या साइटची खडी कोणत्या साइटवर ओतली गेली, हे डंपरवाल्याला विचारल्याशिवाय कोणत्याच कळीने समजत नाही. जे कळत नाही ते 'सस्पेन्स' खात्यात टाकायचे अशी एक वहिवाट आहे. (रहस्यकथेला मराठीत जी प्रतिष्ठा मिळाली नाही ती या खात्याने मिळवली.) हिशेब शिकणे म्हणजे विचारायला शिकणे: हे कोणाचे, कशाबद्दल, कधीपर्यंत, पुरावा काय? संहितेला हेच प्रश्न विचारायला आपण मराठी विभागात शिकवतो, असे आपणच सांगत असतो. मग तीन वर्षे हे प्रश्न घोकलेला मुलगा वहीपुढे मुका का होतो?

आमच्या मते उत्तर सरळ आहे. त्याला दोन्हीकडे असे सांगितले गेले आहे की त्याच्या गावचे ज्ञान हे ज्ञान नव्हे. जोह्याच्या मुलाचेच पाहा. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. त्या दिवशी बांधकामाच्या साइटवर प्लिंथ झाली आहे, कॉलम उभे आहेत, स्लॅब पडायची आहे, बिल निघालेले नाही. या अर्धवट कामाचे मोल किती धरायचे? लेखाकर्मातला हा अवघड प्रश्न. लेखामानक सातमध्ये काम जितके पुरे झाले त्या प्रमाणात उत्पन्न धरण्याची पद्धत आहे. क्लासमध्ये हा धडा वगळतात, कारण 'तो सीए बघतो'. परंतु जोह्यात ३१ मार्चला कोणत्याही कारखान्यात पाऊल टाका. गणपती पाच महिन्यांवर. काही मूर्ती साच्यातून नुकत्या निघालेल्या, काही सुकलेल्या, काहींचे हात जोडायचे, काहींना पांढरा हात दिलेला, काही रंगवलेल्या पण डोळ्यांची आखणी व्हायची. कोणत्या अवस्थेतली मूर्ती कितीला जाते, आखणी होण्याआधी आणि झाल्यावर तिच्या किमतीत काय फरक पडतो, कोणत्या व्यापाऱ्याचा बयाणा आला आहे आणि तो बयाणा म्हणजे विक्री नव्हे, हे तेथे वाढलेल्या दहावीच्या पोराला विचारा. ते अडखळणार नाही. अर्धवट कामाचे मूल्यांकन, आगाऊ रक्कम आणि उत्पन्न यांतला भेद, मजुरीची उक्ती आणि रोजंदारी अशी दोन रूपे, हे सगळे लेखाशास्त्र त्याच्या हातात आहे. त्याला पुस्तकातले 'बाय' आणि 'टू' तेवढे शिकवले जाते, आणि हातातले विसरायला लावले जाते.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो मराठी विभागांचाच आहे. मराठीला हिशेबाची भाषा नव्हती असे नाही. ती इतकी होती की आपल्या जगण्याच्या निम्म्या रूपकांचा पुरवठा तिनेच केला. आपण माणसाचा गुण जमेस धरतो, अपराध त्याच्या नावावर मांडतो, आयुष्य खर्ची घालतो, जुने हिशेब चुकते करतो, आणि न परवडणाऱ्या प्रेमाला आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतो. किर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, बाकी, वसूल, रुजवात. यांतले बरेच शब्द अरबी-फारसीतून आले. शिवकाळात 'राजव्यवहारकोश' करून दरबारी परिभाषा संस्कृत करण्याचा थोर प्रयत्न झाला, तरीही कारकुनांच्या लेखणीने जमाखर्च सोडला नाही. मोडीतले दप्तर याच शब्दांवर चालले. आज बारावीच्या 'पुस्तपालन व लेखाकर्म' या जोडनावाखाली त्यांतले काही जीव धरून आहेत. पण 'रुजवात' पाहा. दोन नोंदी समोरासमोर ठेवून एकीची दुसरीशी साक्ष काढणे, हा या शब्दाचा अर्थ. बँकेचे पासबुक आणि आपली किर्द यांची दरमहा गाठ घालण्याला यापरता नेमका शब्द कोणता? क्लासमध्ये त्याला 'बीआरएस' म्हणतात, आणि मुले ती तीन अक्षरे मंत्रासारखी उच्चारतात. मंत्राचा अर्थ विचारायचा नसतो, हे आपल्या परंपरेत बसतेच.

कोणी म्हणेल, मग टॅली मराठीतून वापरावी. वापरता येते, २००६ च्या टॅली नऊपासून मराठीची सोय आहे. फारसे कोणी वापरत नाही. पडद्यावरची भाषा बदलल्याने हे काम होणारच नव्हते. 'डेबिट'च्या जागी 'नावे' असे उमटले, पण 'कोणाच्या नावे?' हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात उमटला नाही, तर 'नावे' हा शब्दही 'बाय'इतकाच परका. भाषा जगवायची म्हणजे तिचे प्रश्न विचारणे जगवायचे. परिभाषाकोश काढून आपण सुटलो, असे वाटणाऱ्या मंडळींना हे पटणार नाही, हे आम्ही जाणून आहोत.

आता ज्यांना पुढे भेटायचे ठरले होते त्यांच्याकडे. काँट्रॅक्टरच्या वहीत 'लेबर चार्जेस' नावाचे एक खाते असते. शनिवारी मुकादमाला रक्कम दिली, एफ-पाच दाबले, लेबर चार्जेस नावे, रोख जमा. संपले. त्या एका ओळीच्या पोटात गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले, सळई बांधणारे, पाणी मारणाऱ्या बाया, सगळे असतात. त्यांची नावे मुकादमाच्या डायरीत, असलीच तर. वर बिलातून १०,००० रुपयांचा उपकर कापला गेला तो त्यांच्यासाठी. १९९६ च्या कायद्याने ही तरतूद आली. पण कल्याण मंडळाकडे कामगार म्हणून नोंद व्हायची, तर वर्षात ९० दिवस बांधकामावर होतो असा दाखला आणावा लागतो. दाखला कशावरून द्यायचा? हजेरीवरून. आणि हजेरी वहीत एका आकड्यात विरघळून गेलेली. त्यांच्या नावाने कापलेला पैसा मंडळात जातो, आणि ती नावे कोठेच नसल्यामुळे तेथेच राहतो. एका कारकुनाच्या आळसाने हे घडत नाही. 'नावे किती लिहीत बसायची, एकत्रच टाक' या शिकवणीने घडते.

याहून एक भयंकर गोष्ट वहीच्या दुसऱ्या बाजूला आहे. रायगड जिल्ह्यातले कातकरी वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात ते हंगामाआधी घेतलेल्या उचलीवर. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम पैसे देतो. हंगामभर राबून ते फेडायचे. हंगामाअखेर काही अंगावर उरतेच. बांधकामावरही उचलीची हीच रीत थोड्याफार फरकाने चालते. टॅलीत या रकमेचे खाते 'लेबर अॅडव्हान्स' या नावाने उघडतात आणि लेखाशास्त्राच्या नियमाप्रमाणे ते ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला जाते. नियम बरोबर आहे. येणे रक्कम ही मालमत्ताच. पण ज्या घरचे हे देणे आहे त्या घराची माणसे ताळेबंदात मालमत्ता म्हणून उभी आहेत, हे वाचणाऱ्याला दिसले पाहिजे. ३१ मार्चची बाकी १ एप्रिलला पुढे ओढली जाते, वर्षानुवर्षे तीच बाकी, त्याच नावावर, थोडी वाढत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. ती कोठे शिल्लक आहे हे शोधायला जंगलात जाण्याची गरज नाही. पाच वर्षांच्या खतावण्या वाचता आल्या तरी पुरे. आदिवासींवरच्या कवितांचे आपण विशेषांक काढतो. या खतावण्यांचा एक तरी अंक कोणी काढला आहे काय?

आम्ही वहीला उगाच साहित्याच्या पंक्तीला बसवत आहोत, असा आक्षेप येईल, म्हणून जोतीराव फुल्यांचे नाव घेतो. जोतीराव काँट्रॅक्टर होते. 'पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी'त ते होते. कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल अशा कामांशी या मंडळींची नावे जोडली जातात. ही गोष्ट आपल्याकडे चरित्राच्या पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात उपजीविका म्हणून येते आणि पुढे विसरली जाते. पण इंजिनिअर खात्यातल्या अनाचारावर त्यांनी पवाडा लिहिला, तो कोणाच्या माहितीवर? बांधकामावर अडाणी मजूर कसा नाडला जातो, कागद कोणाच्या हाती असतो आणि त्या कागदावर काय लिहिले जाते, हे त्यांनी कामावर उभे राहून पाहिले होते. विद्येविना काय काय गेले, याची त्यांची मांडणी ही हिशेबाची मांडणी आहे. एकाच्या पोटातून दुसरे असे नुकसान ते ओढत नेतात, अगदी खतावणीतल्या बाकीसारखे. 'शेतकऱ्याचा असूड' तर आकड्यांना न भिणारे गद्य. जोतीरावांना हिशेबाचा विटाळ झाला असता, तर हे लिहिले गेले नसते.

उलट बाजूने पेणनेच पाहिले आहे की वही वाचणारे कोणी नसले म्हणजे काय होते. पेण अर्बन सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि बोगस कर्जखात्यांचा शेकडो कोटींचा घोटाळा उघड झाला. ठेवीदारांत मूर्तिकार होते, शेतकरी होते, निवृत्त शिक्षक होते. त्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, न्यायालये गाठली. बँकेच्या वह्यांचे ताळे, लक्षात घ्या, त्याआधी दरवर्षी जुळतच होते. खोटे खातेही दोन बाजू समान ठेवूनच उघडावे लागते. बेरीज जुळणे आणि गोष्ट खरी असणे, यांत अंतर आहे. आणि हे अंतर ओळखणे हे काम ज्यांनी आयुष्यभर निवेदकाच्या विश्वसनीयतेवर व्याख्याने दिली त्यांना परके वाटू नये.

म्हणून मागणी अगदी छोटी करतो. विद्यापीठांतून 'उपयोजित मराठी'ची पत्रिका आहे. तीत अर्जलेखन, जाहिरातलेखन, वृत्तलेखन, निवेदन-सूत्रसंचालन असते. नवरात्रातल्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन कसे करावे याला गुण आहेत. तीत एक हजेरीपट, एक रनिंग बिल, एक पानभर किर्द आणि तिच्यावरून काढलेली तेरीज ठेवावी. शिकवणाऱ्याने तालुक्यातल्या वाणिज्यच्या सहकाऱ्याला वर्गावर बोलवावे. फार तर चहा पाजावा लागेल. आणि वाणिज्यच्या सहकाऱ्याने क्लासवाल्याला हसण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा जाऊन बसावे, कारण मुले तेथे आहेत.

आणखी एक बाब, तिच्यासाठी अभ्यासक्रम बदलायचीही गरज नाही. टॅलीच्या प्रत्येक व्हाउचरच्या तळाशी एक रिकामी चौकट असते. तिचे नाव 'नॅरेशन'. होय, निवेदन! ज्या विषयावर मराठीत प्रबंध लिहून कपाटे भरली, तो शब्द काँट्रॅक्टरच्या संगणकावर दिवसातून पन्नास वेळा येतो. बहुतेक मुले ती चौकट कोरी सोडून एंटर मारतात. जी भरतात ती 'बीइंग कॅश पेड' असे काहीतरी लिहितात, कारण क्लासच्या वहीत प्रत्येक निवेदन 'बीइंग'ने सुरू होते आणि तो शब्द तेथे काय करतो हे विचारण्याची सोय नसते. त्या चौकटीत देवनागरी चालते. 'जोहे साइट, पहिल्या स्लॅबच्या सेंटरिंगची मजुरी, मुकादमामार्फत रोख, माणसे ११, दिवस ३, नावे हजेरीवहीच्या पान ४२ वर, मागील उचलीतून काही वळते केले नाही', एवढे तीत मावते.